संमती कुणाची

अस्थींचा कलश घरात आला त्या दिवसापासून भिकाजी सुभेदार पडवीत बसून होते. जेवायला आणि अंघोळीला उठायचे तेवढेच. समोर खळ्यावर भाताचे भारे रचून ठेवलेले होते. मुलगा महिपत लंकेत मारला गेल्याची तार आली तेव्हा भात शेतात उभं होतं. बौद्धवाडीतल्या लोकांनी मिळून ते कापलं, बांधलं, आणून टाकलं. झोडायला मात्र घरचं माणूस लागतं, आणि घरच्या कुणाच्या हातात जोर उरला नव्हता.

देह आला नव्हता. जाफन्याजवळ कुठंतरी तिकडेच अग्नी दिला होता. देह आणण्यासारखा नव्हता, असं कलश घेऊन आलेला हवालदार खाली मान घालून म्हणाला, तेव्हा सुभेदारांनी पुढं काही विचारलं नाही. पंचवीस वर्षं पलटणीत काढलेल्या माणसाला त्या वाक्याचा अर्थ कळत होता.

पुण्यानुमोदनाच्या कार्याच्या आदल्या दिवशी दुपारी मुरारी आला. महिपतच्याच कंपनीतला, कुडपणचा जवान. उजवा हात गळ्यात अडकवलेला. अर्धी वाट चालत, पुढं आंबेनळीच्या रस्त्याला एका ट्रकला हात करून, पोलादपूर-महाड करत तो तुडीलला पोचला होता. त्यानं डाव्या हातानंच सलाम केला आणि ओशाळला.

"बस," सुभेदार म्हणाले. "हात कसा हाय?"

"बरा हाय साहेब. बोटं हलतात. बरा झाला की परत हजर व्हयाचं."

महिपतच्या आईनं, सोनाबाईनं, पाणी आणून ठेवलं आणि ती उंबऱ्यावरच बसली. आत दाराच्या आडोशाला महिपतची बायको मंजुळा लहान पोरगी कडेवर घेऊन उभी राहिली, आणि तिच्यामागे गौतमी, महिपतची धाकटी बहीण. ती दिल्लीच्या विद्यापीठात एम.फिल. करत होती आणि तार मिळताच निघून आली होती.

"आदीपासनं सांग," सुभेदार म्हणाले. "उतरलात तेव्हा कसं व्हतं?"

"तेव्हा लय चांगलं व्हतं साहेब. ऑगस्टात उतरलो तर गळ्यात हार घातले. बाया आरती घेऊन आल्या. पोरं गाडीमागनं पळायची."

सुभेदारांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं. "आमचंबी असंच. इकाहत्तरला बांगलादेशात, जेसोरात शिरलो, तर लोकांनी शहाळी फोडून पाजली. एका म्हातारीनं माझ्या बुटांना हात लावला. मी मागं सरलो. म्हटलं, बाई, आमच्या पाया कोन पडतं गो!"

ही गोष्ट वाडीत सगळ्यांना पाठ होती. मुरारीनं ती पूर्ण होऊ दिली.

"पन आमचं फिरलं साहेब. दिवाळीच्या तोंडावर. ज्या घरात चा प्यालो, त्याच घरावरनं गोळी यायला लागली."

"मंग महिपत?"

"आमीच एक रस्ता दुरुस्त केला व्हता. लोकांना बाजाराला जायाला. महिपतदादा म्हनायचे, आपल्या तुडीलच्या रस्त्यापेक्षा बरा केला रे आपन." तो थांबला. "त्याच रस्त्यात सुरुंग पुरलेला."

"शेवटचं काय बोलला?" सोनाबाईनं विचारलं.

मुरारीनं तिच्याकडे पाहिलं, मग सुभेदारांकडे. खोटं सांगावं का, हे त्याच्या तोंडावर क्षणभर दिसलं. "बोलायला वेळ नाय भेटला, आये."

दाराआडून मंजुळाचा आवाज आला. नवरा गेल्यापासून परक्या माणसासमोर ती पहिल्यांदाच बोलत होती. "तिथं जायाचं तरी कशापायी व्हतं?"

"वयनी, ते आमाला कोन सांगतं?" मुरारी म्हणाला.

सुभेदार एकदम उठून उभे राहिले. "देशापायी," ते म्हणाले. "आनखी कशापायी?" आणि ते खळ्याकडे चालू लागले.

*

संध्याकाळच्या गाडीनं हैबती आला. सुभेदारांचा धाकटा भाऊ, मुंबईत गोदीत मुकादम. वाडीतलं कुठलंही कार्य हैबतीशिवाय होत नसे. आल्या आल्या त्यानं मांडवाच्या कनाती, सतरंज्या, बौद्धाचार्यांची व्यवस्था, सगळं हातात घेतलं. महाडहून एक पुढारी यायचे होते, तेही त्यानंच ठरवलं होतं.

"आनि घरातर्फे गौतमी बोलंल," चहा घेता घेता तो म्हणाला. "ती दिल्लीत ह्याच विषयाचं शिकतेय ना? अमुक देशानं तमुक देशात फौज का घातली, हेच ना गो? मंग उससे अच्छा कौन बोलेगा?"

 गौतमीला दिल्लीला पाठवू नका, म्हणून दोन वर्षांपूर्वी हाच काका बाबासाहेबांच्या फोटोसमोर हात जोडून भांडला होता. पोरीच्या जातीनं एवढ्या लांब, आणि तेही राज्यशास्त्र. तेव्हा महिपत सुट्टीवर होता. ती जाणार, असं म्हणून त्यानंच तिची ट्रंक खांद्यावर घेतली होती.

"बोल तू," सुभेदार म्हणाले. "इकाहत्तरचं सांग. मंग महिपतचं सांग. बाप गेला तसा लेक गेला. एकच काम व्हतं."

गौतमीच्या प्रबंधाचा विषय इकाहत्तरच होता. वडलांच्या गोष्टी ऐकत वाढली म्हणूनच तिनं तो घेतला होता. एका राष्ट्रानं दुसऱ्याच्या हद्दीत फौजेनिशी शिरणं कधी न्याय्य ठरतं, हा तिचा प्रश्न. शेवटचं प्रकरण लंकेवर होतं. यजमान सरकारच्या संमतीनं गेलेली सेना ही हस्तक्षेप करणारी सेना नव्हे, असं तिनं ऑगस्टमध्ये लिहिलं तेव्हा सर खूश झाले होते. त्याच आठवड्यात महिपत बोटीत बसला होता. 'संमती' हा शब्द तेव्हा तिला किती स्वच्छ वाटला होता.

"आबा," ती म्हणाली, "एकच काम नव्हतं."

ती पुढं येऊन बसली.

"इकाहत्तरला ज्यांची जमीन होती तेच आपल्याकडं आले होते. कोटभर माणसं. या वेळी दोन सरकारांनी आपसात सह्या केल्या. ज्यांच्या गावात आपली फौज उतरली, त्यांची त्यावर सही नव्हती."

"मुरारीनं काय सांगितलं? हार घातले ना?"

"हार घातले, आबा. पण हार म्हणजे सही नव्हे."

सुभेदारांनी कप खाली ठेवला. तो नीट टेकला नाही, कलंडला. "पोराची राख आत हाय, आनि तू मला अभ्यास शिकवतेस?"

"तसं नाही..."

"मंग तो फुकट गेला म्हन. उद्या उभी रहा आनि म्हन सगळ्यांसमोर."

"फुकट गेला असं मी म्हणत नाही."

"मंग काय म्हनतेस?"

 दोन वर्षं ती हेच वाचत होती, आणि बापाच्या चार शब्दांपुढं तिला एक वाक्य सुचेना.

हैबतीनं भावाच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे दादा. पोर दमलीय. आता दिल्ली बास झाली. एवढं शिकली ते पुष्कळ. महाडच्या शाळेत कुठं लागंल, वयनींना सोबत व्हईल."

"तेच म्हनते मी," सोनाबाई आतून म्हणाली. "एक लांब गेला तो असा आला. ही नको जायाला."

महिनाअखेरीला प्रबंध दिला नाही तर नाव कमी होणार होतं. ते गौतमीनं सांगितलंच नाही. सांगून कुणाला काय वाटलं असतं?

*

सकाळी कार्याची मोठी पातेली घासायला मंजुळा आणि गौतमी विहिरीवर गेल्या. धुकं अजून उतरलं नव्हतं. खाली सावित्री नदी नुसती पांढरी दिसत होती, तिच्यावरून कुणाच्या तरी होडीच्या वल्ह्याचा आवाज येत होता.

मंजुळा राखेनं पातेलं घासत होती. गौतमीबद्दल तिच्या मनात काय होतं, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. नवऱ्याच्या सुट्टीतली अर्धी संध्याकाळ या नणंदेच्या गप्पांत जायची. ती दोघं बोलत बसायची आणि मंजुळा चूल सांभाळायची. राग होता, पण ज्याच्यावरून राग होता तोच राहिला नव्हता.

"वन्स, एक सांगू?" ती म्हणाली. "मे महिन्यात आले व्हते ना, तेव्हा बोलले व्हते. मला कुनी काय सांगत नाय, मंजे. गाडीत बस म्हनलं की बसायचं, उतर म्हनलं की उतरायचं. गौतमी शिकून आली की तिला विचारीन, मी कुठं कुठं गेलो आनि कशापायी गेलो."

गौतमीचा हात थांबला.

"त्यांचं विचारायचं राहिलं," मंजुळा म्हणाली. "म्हनून मी विचारते. काल मामंजी म्हनाले, देशापायी. मी चौथी शिकले, पन मला एवढं कळतं, की एवढ्यावर मुरारीभावजींनी मान हलवली नाय."

गौतमी विहिरीच्या काठावर बसली. शब्द जुळवत सांगू लागली, की तिथं दोन जमाती आहेत, त्यांचं भांडण जुनं आहे...

"आता नको," मंजुळानं तिला अडवलं. "दुपारी सांगा. मांडवात."

"आबा ऐकणार नाहीत, वहिनी."

"मला एकटीला सांगितलंत, तर ते मला एकटीलाच बाळगाया लागंल. पोरगी मोठी व्हईल, विचारंल. मी काय सांगू? मला हिरीवर सांगितलं म्हनून?" तिनं पातेलं उपडं केलं. "सगळ्यांच्या कानावर घाला."

*

मांडव भरला होता. दासगाव, महाड, पार पोलादपूरकडचेही लोक आले होते. सोनाबाई बायकांत पुढं बसली होती. पांढऱ्या चादरीवर महिपतचा फोटो, वर्दीतला. फोटो काढताना तो हसला नव्हता, आणि त्यामुळे तो तिला दुसऱ्याच कुणाचा वाटत होता.

त्रिशरण, पंचशील झालं. मग महाडचे पुढारी उठले. ते पुष्कळ वेळ बोलले. त्यांचा आवाज मोठा होता. सिंह म्हणाले, वाघ म्हणाले, सागरापलीकडे फडकलेला झेंडा म्हणाले. महिपतचं नाव त्यांनी एकदा मारुती असं घेतलं आणि हैबतीनं मागून सुधारलं. सुभेदार ताठ बसून ऐकत होते. छातीवर त्यांनी पदकं लावली होती.

मग गौतमी उठली. सोनाबाईला वाटलं, पोर किती वाळली. पहिली काही वाक्यं पुस्तकातली होती. सार्वभौमत्व, हस्तक्षेप, असलं काहीतरी. बायका पदरानं वारा घ्यायला लागल्या. गौतमी मधेच थांबली. तिनं बायकांकडे पाहिलं, मंजुळाकडे. आणि पुढचं बोलली ते घरच्या बोलीत. दिल्लीला गेल्यापासून तिनं ही बोली इतक्या माणसांसमोर कधी काढली नव्हती.

"दुसऱ्याच्या घरात मारामारी व्हयाला लागली, तर आपन जातो का नाय? जातो. माझे आबा इकाहत्तरला गेले. ज्यांचं घर, तीच मानसं रडत आपल्या दारात आली व्हती. काम झालं, आबा माघारी आले. मला त्याचा अभिमान हाय. मी त्याच्यावरच शिकते."

सुभेदारांनी मान किंचित हलवली. सोनाबाईनं सुस्कारा सोडला.

"पन माझ्या भावाचं तसं नव्हतं. घराच्या मालकानं म्हनलं, या. ज्या खोलीत भांडन व्हतं, तिथल्यांना कुनी विचारलं नाय. माझ्या भावाला दोघांच्या मधी उभं केलं. आदी सांगितलं, तू शांततेसाठी आलास, हात उचलू नको. मंग सांगितलं, आता लढ. त्यानं दोन्ही ऐकलं. माझा भाऊ कुठं चुकला नाय. पन त्याला तिथं उभं करायचं का, हे ज्यांनी ठरवलं त्यांना कुनीतरी विचारायला पायजे. शहीद म्हनून हार घातला की विचारायचं राहून जातं. वयनीनं मला विचारलंय. मी ते पुढं विचारनार."

सोनाबाईला सगळं कळलं नाही. तिचं लक्ष नवऱ्याच्या चेहऱ्यावर होतं. तो आधी लाल झाला आणि मग त्यातला रंग उतरत गेला. सुभेदार उठले. बसलेल्या माणसांमधून वाट काढत, कुणाच्या पायावर पाय पडणार नाही असं बघत, ते मांडवाबाहेर गेले. त्यांच्यामागे वाडीतले दोघे-तिघे जुने पेन्शनर शिपाई उठले. पुढाऱ्यांनी घड्याळात पाहिलं. मागे कुणीतरी एकदा टाळी वाजवली, पण दुसरी वाजली नाही.

मुरारी खाली मान घालून बसला होता. त्याचा धड हात गळ्यातल्या हातावर होता.

*

"नाक कापलंस!" हैबती घरात येताच गरजला. "बापाला भर मांडवातनं उठवलंस! त्या मानसाला मी हातापाया पडून आनला, तो जेवला नाय! आमच्या पोरांना उद्या पलटनीत कोन घेईल?"

"काका, मी महिपतदादाबद्दल..."

"गप! शिकलीस म्हनून अक्कल आली का?"

"हैबती," सोनाबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "ती उद्या जाईल."

"कुठं?"

"दिल्लीला."

गौतमी आईकडे पाहत राहिली.

"वयनी, काल तुमीच म्हनत व्हता..."

"काल म्हनले. आज बघितलं ना मी मांडवात. पान्याला गेली तर बाया उठून जातील, आनि हे तिच्याशी बोलनार नायत. इथं ठेवून मी तिचं काय करू? तोंडाकडं बघत बसू?" तिनं डोळ्याला पदर लावला नाही. "राहू दे तिकडं. जिती तरी राहील."

हैबती पायात चपला सरकवून निघून गेला. आत मंजुळा पोरीला मांडीवर थोपटत होती. गौतमी जाऊन तिच्याजवळ बसली. आपण हिच्यासाठी केलं, असं तिला वाटत होतं, आणि निदान हिच्याकडून काहीतरी यावं अशी आशा होती.

"ऐकलं मी," मंजुळा म्हणाली. "सगळं कळलं. चांगलं सांगितलंत."

"मग?"

"मला वाटलं व्हतं, कळलं की हलकं व्हईल." ती पोरीच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. "नाय झालं, वन्स. आदी वाटायचं, कायतरी मोठं कारन असंल, आपल्याला कळत नाय एवढंच. आता तेबी नाय राहिलं."

गौतमीनं तिचा हात धरला. मंजुळानं तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

*

दुसऱ्या दिवशी महाडला जाणारी पहिली एस.टी. धरायची होती. सोनाबाईनं तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी फडक्यात बांधून दिली. मंजुळा उंबऱ्यापर्यंत आली. पडवी रिकामी होती. आबा पहाटेच कुठंतरी उठून गेले, असं आई म्हणाली.

गौतमी ट्रंक घेऊन फाट्यावर आली, तर ते तिथं आधीच उभे होते. डोक्याला मफलर, हातात काठी. तिनं ट्रंक खाली ठेवली. दोघं रस्त्याच्या एकाच बाजूला, पण अंतर राखून उभी राहिली. भाताच्या कापलेल्या शेतांत बगळे उतरले होते.

रस्त्याकडे बघतच ते म्हणाले, "मांडवात बोललीस ते मला आवडलं नाय."

"माहीत आहे, आबा."

"अजूनबी आवडलेलं नाय. मरेपर्यंत आवडनार नाय."

 वळणावर एस.टी.चा आवाज आला. धुळीचा लोट दिसला. सुभेदारांनी वाकून ट्रंक उचलली. ती पुढं झाली, तर त्यांनी खांद्यानंच तिला बाजूला केलं. गाडी थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. ट्रंक आत सरकवून ते खाली उतरले, गौतमी चढली, आणि ते दाराचा गज धरून तसेच उभे राहिले.

"तिकडं तुझे मास्तर हायत ना," ते म्हणाले. "मोठमोठ्या मानसांत ऊठबस असंल त्यांची."

"थोडीफार आहे."

"त्यांना इचार. माझा तर आला घरी. कसा का व्हईना, आला. लंकेतली बाकीची पोरं कधी येनार?"

कंडक्टर घंटीच्या दोरीला हात घालून थांबला होता.

"ते त्यांनाही माहीत नसेल, आबा," गौतमी म्हणाली. 

सुभेदारांनी गज सोडला. "नसंल," ते म्हणाले. आणि दार लागण्याआधीच ते पाठ फिरवून शेताच्या बांधावर उतरले.